बटन दाबले की काय होते? वसतिगृहातल्या मुलांचा वेबपानांचा वर्ग



गेल्या वर्षी आपल्यापैकी काही मंडळ्यांनी वसतिगृहासाठी जुने संगणक पाठवले. तेव्हापासून भेटीला येणारे बहुतेक पाहुणे मला एकच प्रश्न विचारतात, "मुलांना संगणकावर नेमके काय शिकवता?" टायपिंग आणि अर्ज लिहिणे, असे उत्तर त्यांना अपेक्षित असते. तेही आम्ही शिकवतो. पण आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आम्ही आणखी एक गोष्ट शिकवतो : वापरणाऱ्याला उत्तर देणारे वेबपान तयार करणे.

हे ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. ही मुले नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवरची. घरी मावची बोलतात, इंग्रजी म्हटले की धास्तावतात. त्यांना प्रोग्रामिंग कशाला? एका ज्येष्ठ सभासदांनी तर सरळच विचारले, की वीज आणि दुरुस्तीवर जातो त्या पैशांत मुलांना चादरी आल्या नसत्या का? प्रश्न रास्त आहे. दानाचा प्रत्येक रुपया कुठे गेला हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. म्हणून या वर्गात काय चालते, ते यावेळी सविस्तर लिहिते. संगणकाला कधी हात न लावलेल्या वाचकालाही समजेल, असा प्रयत्न आहे.

पानाचे तीन भाग

वेबपान म्हणजे मजकुराची साधी फाईल. संगणकात आधीपासून असलेल्या नोटपॅडमध्ये ती लिहिता येते आणि क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये उघडते. फाईल आपल्याच संगणकावर असेल तर इंटरनेट लागत नाही, आणि काही विकतही घ्यावे लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेटवर्क नसते, तरी वर्ग अडत नाही.

पान तीन गोष्टींनी बनते. मुलांना मी ते कुडाच्या घराच्या उदाहरणाने सांगते. आधी खांब रोवायचे, आडे टाकायचे, कूड उभा करायचा. हे काम एचटीएमएल करते. इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे लिहायची चौकट, इथे बटन, हे ती सांगते. बहुतेक भागांच्या सुरुवातीला कोनी कंसात एक खूण असते आणि शेवटी तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा येते. या खुणेला टॅग म्हणतात. नंतर घर सारवायचे, रंगवायचे. ते काम सीएसएसचे : अक्षरांचा आकार, रंग, मोकळी जागा. आता घर उभे राहिले, देखणेही झाले, पण दारावर थाप मारली तर ओ द्यायला आत माणूस हवे. ते माणूस म्हणजे जावास्क्रिप्ट. एचटीएमएल आणि सीएसएसवर पान दिसते, जावास्क्रिप्ट आली की ते उत्तर देऊ लागते.

या तिन्ही गोष्टी कोणालाही फुकट वापरता येतात, आणि त्यामागे थोडा इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने ते तंत्र कोणताही मोबदला न घेता जगासाठी खुले केले. सीएसएसची कल्पना १९९४ साली हॉकुन विउम ली यांनी मांडली. जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत लिहिली. सर्नने तेव्हा परवान्याची किंमत लावली असती, तर आमच्या मुलांपर्यंत हे कधी पोहोचले असते कोण जाणे. फुकट मिळालेले फुकट द्यावे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

घंटा आणि उपासनेचा क्रम

नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ते हे : पानावर लिहिलेली सूचना लगेच का पाळली जात नाही? बटन दाबेपर्यंत ती गप्प का बसते?

याचे उत्तर मला आपल्या देवळात सापडले. उपासनेचा क्रम आदल्या दिवशीच कागदावर लिहिलेला असतो : आधी गीत, मग प्रार्थना, मग शास्त्रवाचन, मग संदेश. पण क्रम लिहिला म्हणून उपासना सुरू होत नाही. रविवारी घंटा वाजते तेव्हा ती सुरू होते. जावास्क्रिप्टमध्ये त्या लिहिलेल्या क्रमाला फंक्शन म्हणतात, आणि घंटा वाजण्याला इव्हेंट, म्हणजे घटना. बटन दाबणे ही घटना आहे. चौकटीत अक्षर टाईप करणे ही घटना आहे. पान उघडणे हीसुद्धा घटनाच. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढेच सांगून ठेवायचे, की ही घंटा वाजली की तो क्रम चालव.

पहिला धडा असा असतो. एक चौकट, एक बटन आणि खाली एक रिकामी ओळ. मुलाने चौकटीत आपले नाव लिहायचे आणि बटन दाबायचे. रिकाम्या ओळीत "सलाम" आणि त्याचे नाव उमटले पाहिजे. सगळे मिळून दहा-बारा ओळींचे काम. पण ज्या मुलाने आजवर दुसऱ्यांनी बनवलेल्या पडद्याकडे नुसते पाहिले, त्याच्या सांगण्यावरून पडदा बोलतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. दुसऱ्या शनिवारी एका मुलाने सांगितल्याशिवायच त्या पानात भर घातली. नाव न लिहिता बटन दाबले, तर पान म्हणे, "आधी नाव सांग!" 'असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर' ही अट तो आपणहून शिकला होता.

लेबल लावलेले डबे

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डबा. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा, डाळीचा डबा असतो. आत किती आहे ते रोज बदलते, लेबल तेच राहते. प्रोग्राममध्ये अशा डब्याला व्हेरिएबल म्हणतात. त्यात आकडा ठेवता येतो, नाव ठेवता येते, हवे तेव्हा काढून वापरता येते.

इथे मुलांची इंग्रजीची भीती पुष्कळ कमी होते. जावास्क्रिप्टचे स्वतःचे शब्द इंग्रजी आहेत, पण सुरुवातीला दहा-बारा पुरतात, आणि मुले ते गाडीच्या पाटीसारखे ओळखायला शिकतात. डब्यांना मात्र आपण हवी ती नावे देऊ शकतो, अगदी देवनागरीतसुद्धा. 'दर', 'टन', 'उचल' अशी नावे जावास्क्रिप्टला चालतात. नावाच्या मध्ये मोकळी जागा सोडायची नाही आणि नावाची सुरुवात अंकाने करायची नाही, एवढा नियम पाळायचा. एका मुलीने आपल्या सगळ्या डब्यांना मावची नावे दिली आणि ती मलाच अर्थ विचारायला लावत होती. वर्गात बाईंना विद्यार्थी करण्याचा आनंद तिने मनसोक्त घेतला.

उसाच्या हिशेबाचे पान

आता ज्या पानामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते.

आमच्या भागातली बरीच कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, पुष्कळशी दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. जाण्याआधी मुकादम त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. हंगामभर जेवढे टन ऊस तोडून भरला, त्याला टनामागचा दर लावायचा आणि आलेल्या मजुरीतून उचल वजा करायची. उरले तर हातात पैसे. उचल जास्त झाली, तर बाकी अंगावर फिरते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. काही ठिकाणी उचलीवर व्याजही लावतात. हिशेब तोंडी होतो. दहा-अकरा वर्षांची मुलेही आईबापांबरोबर फडावर गेली की शाळा सुटते, ती बहुधा कायमची. आपले वसतिगृह आहे ते मुख्यत्वे याच मुलांसाठी.

नववीतल्या एका मुलीने ठरवले, की आपण हा हिशेब करणारे पान बनवायचे. तिने चार चौकटी केल्या : टन, दर, दिवाळीआधीची उचल आणि नंतर घेतलेली उचल. खाली एक बटन, 'बाकी काढ'. चाचणीसाठी तिने सोपे आकडे घेतले : १८० टन, दर ४०० रुपये, पहिली उचल ४०,००० आणि नंतरची १०,०००. कागदावर हिशेब सरळ आहे. मजुरी ७२,०००, एकूण उचल ५०,०००, हातात २२,०००.

तिने बटन दाबले आणि पानाने सांगितले : उणे ३,९९,९९,३८,००० रुपये. जवळजवळ चारशे कोटींचे कर्ज! वर्गात हशा पिकला. पण ती हसली नाही. "बाई, मुकादमपण असाच हिशेब करत असेल," ती म्हणाली, आणि चूक शोधायला बसली.

चूक अशी होती. चौकटीत लिहिलेले सगळे काही जावास्क्रिप्ट आधी मजकूर म्हणून घेते, अंक म्हणून नव्हे. गुणाकार आणि वजाबाकी आली की ती त्या मजकुराचा आपोआप अंक करते, कारण शब्दांचा गुणाकार होत नाही. म्हणून मजुरी बरोबर आली. पण अधिकचे चिन्ह दोन कामे करते. अंक असतील तर बेरीज करते आणि मजकूर असेल तर एकापुढे एक चिकटवते. 'सलाम' आणि नाव जोडले ते याच चिन्हाने. तेव्हा ४०००० आणि १०००० यांची बेरीज न होता ते चिकटले आणि ४००००१०००० झाले. त्यातून मजुरी वजा जाता चारशे कोटींना थोडे कमी उरले. उपाय एका शब्दाचा आहे : बेरजेआधी दोन्ही रकमांचा अंक करून घे, असे जावास्क्रिप्टला सांगायचे. तिने ते केले आणि २२,००० आले.

या एका चुकीने तिला जे शिकवले, ते मी महिनाभर फळ्यावर शिकवू शकले नसते. पडद्यावर आलेला आकडा खरा असतोच असे नाही. तो कुठून आला ते पायरीपायरीने तपासता येते. आणि ज्याचे उत्तर आपल्याला कागदावर आधीच माहीत आहे, अशा आकड्याने आधी तपासावे.

आपल्या लिपीच्या अडचणी

आणखी दोन अडचणी आल्या, त्या पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. पहिली म्हणजे मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसणे. फाईल जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडला आणि पानाच्या सुरुवातीला तसे सांगणारी एक ओळ घातली, की देवनागरी नीट दिसते.

दुसरी अडचण अंकांची. एका मुलाने फोनच्या मराठी कळफलकावरून '१८०' असे देवनागरीत लिहिले. पानाने रुपयांच्या जागी 'एनएएन' अशी तीन इंग्रजी अक्षरे दाखवली. त्यांचा अर्थ 'हा अंक नाही'. आपल्या डोळ्यांना १८० दिसते, पण जावास्क्रिप्टला आकडेमोडीसाठी इंग्रजी अंकच कळतात. 'देवनागरी अंक लिहू नका' अशी सूचना पानावर टाकणे सोपे होते. मुलांना ते पटले नाही. हे पान आपल्या आईबापांसाठी आहे, त्यांना जे येते ते पानाने समजून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांनी एक छोटे फंक्शन लिहिले. ते चौकटीतले एकेक अक्षर पाहते, देवनागरी अंक दिसला की त्याच्या जागी इंग्रजी अंक ठेवते, आणि मगच हिशेबाला पाठवते. माणसाने यंत्रापुढे वाकायचे की यंत्राला माणसासाठी वाकवायचे, हा निर्णय चौदा वर्षांच्या मुलांनी घेतला, याचे मला अप्रूप वाटले.

बाकी चुका नेहमीच्याच : कंस बंद न करणे, अवतरणचिन्ह विसरणे, मोठ्या लिपीतले इंग्रजी अक्षर छोट्या लिपीत लिहिणे. त्यासाठी ब्राउझरमध्ये एफ१२ ही कळ दाबली की एक खिडकी उघडते आणि कितव्या ओळीवर गाडी अडली ते बहुधा लाल अक्षरांत सांगते. लाल अक्षरे म्हणजे रागावणे नव्हे, पत्ता सांगणे आहे, हे मुलांच्या मनात ठसवायला थोडे दिवस लागले. शाळेत लाल शाईचा अनुभव वेगळा असतो ना!

पानाला काय जमत नाही

रविवारी त्या मुलीचे वडील भेटायला आले, तेव्हा तिने पान त्यांच्या फोनवर घातले. फोनच्या छोट्या पडद्यावर अक्षरे वाचता यावीत म्हणून एचटीएमएलमध्ये एक ओळ वाढवावी लागते, ती तिने आधीच वाढवली होती. वडिलांनी गेल्या हंगामाचे आकडे आठवून सांगितले. बाकीचा आकडा त्यांना सांगितल्या गेलेल्या आकड्याशी जुळला नाही. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टन किती झाले ते आमच्याकडे लिहिलेलेच नाही. आठवणीवर भांडता येत नाही."

त्यांनी नेमके बोट ठेवले. पान फक्त त्याला दिलेल्या आकड्यांचा हिशेब करते. आकडेच नोंदवलेले नसतील, तर ते काही करू शकत नाही. आणि हिशेब बरोबर निघाला म्हणून मुकादम पैसे देईलच असेही नाही. ते काम कायद्याचे, संघटनेचे आणि आपल्या सर्वांच्या पाठिंब्याचे आहे. आपण पाठवलेल्या संगणकांनी ऊसतोडीचा प्रश्न सुटला, असे मी लिहिले तर ते खोटे होईल.

पण त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. मुलांनी पानात रोजची नोंद करण्याची सोय केली. साध्या डब्यातले आकडे पान बंद केले की नाहीसे होतात, म्हणून ब्राउझरच्या लोकल स्टोरेज नावाच्या कप्प्यात ते ठेवावे लागतात. तो कप्पाही फोन बिघडला किंवा कोणी ब्राउझर साफ केला तर रिकामा होतो, हे समजल्यावर मुलांनीच ठरवले, की प्रत्येक घराला एक वहीसुद्धा द्यायची. वहीत तारीख, गाडी आणि टन लिहायचे, पानावर बेरीज करायची. यंदा हंगामाला निघालेल्या काही घरांनी अशी वही बरोबर नेली आहे. आणि ती मुलगी यंदा फडावर गेली नाही. "हिशेब लिहायला शिकलेली पोर फडावर नेऊन काय करू?" असे तिच्या आईने मला सांगितले. ती दहावीला बसणार आहे.

चादरी की संगणक?

आपल्या ज्येष्ठ बंधूंच्या प्रश्नाकडे वळते. चादरी लागतातच आणि त्या आपण देताच. पण मिशनच्या कामात हाताला कसब देण्याची परंपराही जुनी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आसरा दिलेल्या मुलींना छापखान्याचे काम शिकवले, आणि रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. त्या काळी खिळे जुळवणे होते. आज वेबपान आहे. वर्गातली सगळी मुले प्रोग्रामर होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण मोठे काम लहान पायऱ्यांत कसे तोडायचे, चूक झाली तर रडत न बसता ती कुठे आहे हे कसे शोधायचे, आणि कोणी सांगितलेला आकडा तपासल्याशिवाय कसा मानायचा नाही, हे त्यातल्या प्रत्येकाला येईल.

आपल्यापैकी कोणाला हे स्वतः शिकायचे असेल, तर वयाची अट नाही. नोटपॅड उघडा, एक चौकट, एक बटन आणि एक रिकामी ओळ करा. ते जमले की घरातला एखादा खरा हिशेब घ्या : दुधाचा, भिशीचा, रविवारच्या दानाचा. खोट्या उदाहरणांचा कंटाळा येतो, खऱ्या हिशेबाचा येत नाही.

वर्गाला सध्या दोन गोष्टींची गरज आहे. वीज गेली की जतन न केलेले काम जाते, म्हणून संगणक थोडा वेळ तरी चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या हव्यात. आणि हे काम ज्याला येते, अशा कोणी तरुणाने किंवा तरुणीने महिन्यातून एक शनिवार मुलांना द्यावा.

प्रार्थनेसाठी विषय : ऊसतोडीला गेलेली कुटुंबे सुखरूप परत यावीत, त्यांच्या घामाचा पुरता मोबदला त्यांच्या हाती पडावा, आणि यंदा दहावीला बसणाऱ्या आमच्या मुलामुलींना शांत मन लाभावे. 

प्रभूच्या सेवेत आपली,
वसतिगृहातील शनिवारच्या वर्गाची शिक्षिका